वाचकांचे प्रश्न: कॉन्सर्टची रात्र आणि पुढचा रविवार

ख्रिस्ती रॉकच्या कार्यक्रमांबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. कुणाला तिथं मिळालेली उमेद टिकवायची आहे, कुणाला असा कार्यक्रम स्वतः भरवायचा आहे, तर कुणाला हा प्रकारच मान्य नाही. त्यांतली सात पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत. विश्वासाबद्दलच्या प्रश्नांना पाळकांनी उत्तरं दिली आहेत, तर वाद्यं, आवाज आणि परवान्यांच्या प्रश्नांना ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांनी.

प्रश्न: एमआयडीसीतली नोकरी गेल्यापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणं सोडलं होतं. लोक विचारतात, काय सांगायचं? नाताळाआधी मित्रानं ओढून एका ख्रिस्ती रॉक कॉन्सर्टला नेलं. तिसऱ्या गाण्याला घसा दाटला, शेवटी हमसून रडलो. देव आहे आणि माझंही काहीतरी होईल, असं आतून वाटलं. पंधरा दिवसांत सगळं ओसरलं. ते खरं होतं की नुसता आवाजाचा आणि लाइटचा परिणाम? (एक वाचक, शिरोली)

दोन्ही होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शरीराचा भाग आधी बघू. शेकडो लोक एकच ओळ एका लयीत गातात तेव्हा सगळ्यांचे श्वास त्या ओळीच्या लांबीला बांधले जातात. बेस आणि किक ड्रम कानाइतकेच छातीत जाणवतात. अंधारात आपल्याकडे कोण बघतंय याची काळजी सुटते. कित्येक महिने ‘आता काय करतोस?’ हा प्रश्न चुकवत फिरणाऱ्या माणसाला दोन तास कुणी काही विचारत नाही, उलट शेजारचा अनोळखी माणूस त्याच्याबरोबर त्याच देवाला हाक मारतो. रडू येणारच. पण शरीरानं साथ दिली म्हणून हाक खोटी ठरत नाही. प्रभुभोजनाची भाकरसुद्धा तोंडानंच खावी लागते.

ओसरलं त्याचं कारण असं की भावना टिकून राहण्यासाठी नसतेच. १ राजे १८ आणि १९ हे दोन अध्याय सलग वाचा. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेनं आकाशातून अग्नी उतरतो, लोक पालथे पडून देवाचा जयजयकार करतात. पुढच्याच अध्यायात तोच एलीया रानात एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. मग चाळीस दिवसांची वाट. शेवटी वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर एक मंद वाणी ऐकू येते. रॉकचे विरोधक हा शेवट फार आवडीनं सांगतात, पण कर्मेलवरचा अग्नीही देवाचाच होता हे सोडून देतात.

आता करायचं काय ते सांगतो. त्या रात्री कुठल्या ओळीला घसा दाटला ती एका कागदावर लिहा. गाण्याचं नाव नको, ती नेमकी ओळ हवी. बहुतेकदा तिथंच आपली जखम सापडते. ओळ पवित्र शास्त्रातल्या कुठल्या वचनावर बेतली आहे ते शोधा किंवा पाळकसाहेबांना विचारा, आणि तो अख्खा अध्याय वाचा. गाणं मोबाइलवर पुन्हापुन्हा लावण्यापेक्षा स्वतःच्या आवाजात, बेसूर का होईना, सकाळी एकदा म्हणा. कानात बड्स घालून ऐकलं की मन त्या रात्रीची झिंग शोधतं, ती मिळत नाही आणि ‘देव गेला’ असं वाटायला लागतं.

ज्या दिवशी गाववत नाही त्या दिवशी स्तोत्र १३ वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कुठवर’ हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो. देवापाशी तक्रार करणं अविश्वास असता तर ती वचनं शास्त्रात राहिलीच नसती.

मंडळीत परत जाताना सगळ्यांना तोंड द्यायची गरज नाही. उपासना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी जा, मागच्या बाकावर बसा आणि एका माणसाला आधी फोन करून सांगून ठेवा, ‘मी येतोय, नोकरीचं विचारू नकोस.’ एकच माणूस पुरे. तीन रविवार लागोपाठ काढा. पहिला अवघडल्यासारखा जातो, दुसरा कंटाळवाणा. तिसऱ्याला आपल्या जागेवर कुणी बसलं की खटकतं, म्हणजे जमलं समजा. आणि अर्ज करणं थांबवू नका. उमेद आली म्हणून नोकरी येत नाही. उमेद आली की मुलाखतीला जायचं बळ येतं, एवढंच तिचं काम.

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. कॉन्सर्टमध्ये तिच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, ती खूप आनंदात घरी आली आणि ‘मला आता गरज नाही’ म्हणून गोळ्या बंद केल्या. आम्ही काही बोललो तर ‘तुमचा विश्वास कमी’ म्हणते. (एक बहीण, कसबा बावडा)

आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा. हे उत्तर वाचून होईपर्यंतही थांबू नका.

या गोळ्या एकदम सोडल्या की काही दिवसांत चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होणं असे त्रास होऊ शकतात. ते निघून गेले तरी खरा धोका पुढे असतो. आजार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत उलटू शकतो, आणि तोवर कॉन्सर्टची रात्र मागे पडलेली असते. तेव्हा तिला वाटणार, आपली प्रार्थनाच खोटी होती. म्हणजे आजार आणि विश्वास दोन्ही एकदम कोसळतात. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानं करतात.

तिच्याशी वाद घालू नका. एवढंच सांगा, बरं वाटतंय याचा आम्हाला आनंद आहे, हे डॉक्टरांनाही सांगूया. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, कलस्सैकरांच्या पत्रात त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. इथून तासाभरावर मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभारलं ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. ती जीव नकोसा झाल्याचं बोलली तर तिला एकटं ठेवू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं.

आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्यांसाठी: प्रार्थना करा, हात ठेवा, पण ‘औषधं फेकून द्या’ हे वाक्य माइकवरून कधीही येता कामा नये. कुणी पाहुणा बोलला तर संयोजकांनी त्याच ठिकाणी, त्याच माइकवरून दुरुस्ती करावी.

प्रश्न: आम्ही पेटी-तबल्यावर भजनं म्हणत वाढलो. आता नातवंडं आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ड्रम वाजवतात, लाइट फिरवतात. डॉल्बीला नावं ठेवायची आणि तीच देवाच्या नावानं आणायची? याला उपासना म्हणायचं का? (एक आजोबा, ब्रह्मपुरी)

सलाम, आजोबा. आपला अर्धा मुद्दा आम्हाला मान्य आहे, आणि तो आवाजाचा आहे. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात सविस्तर येतं.

वाद्याच्या मुद्द्यावर मात्र जरा थांबावं लागेल. आपण जिला आपली म्हणतो ती पेटी युरोपातून आली. ती भारतीय संगीताला शोभत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ एवढा काळ तिच्यावर बंदी ठेवली होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, ओव्या आणि कीर्तनातून ख्रिस्त गायला. त्याआधी इथल्या मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीतं चालत. आज ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की दोन्ही परंपरा एकाच बांधणीत शेजारी नांदताना दिसतात. म्हणजे आपण ज्याला जुनं म्हणतो ते कधीतरी कुणाच्या तरी कानाला खटकणारं नवंच होतं.

रॉकचंही तसंच. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हिप्पी मुलं ख्रिस्ताकडे वळू लागली आणि त्यांनी स्वतःचंच संगीत बरोबर आणलं. लॅरी नॉर्मन या गायकाची पहिली एकल ध्वनिमुद्रिका १९६९ ची, पेट्रा हा बँड १९७२ चा. तिथल्या चर्चमध्येही यावरून भांडणं झाली. आपल्याकडे केरळमधल्या कॅथलिक तरुणांचा रेक्स बँड बरीच वर्षं हेच काम करतो आहे.

तरी कसोटी हवीच, आणि आमची कसोटी साधी आहे. बँड थांबला तर लोकांचा आवाज ऐकू येतो का? ऐकू आला तर ती उपासना. आला नाही तर तो गाण्याचा कार्यक्रम. तोही चांगला असू शकतो, पण त्याला उपासना म्हणू नये. नातवंडांना एक गाणं विजेशिवाय म्हणायला सांगा आणि त्यांच्याबरोबर आपणही म्हणा. स्तोत्र १५० मध्ये झणझणणाऱ्या झांजाही आहेत, त्या मंद आवाजात वाजत असतील असं वाटत नाही.

प्रश्न: आमच्या तरुण संघाला तीनशे लोकांसाठी ख्रिस्ती रॉकची संध्याकाळ करायची आहे. बँड घरचाच आहे. जागा, परवाना, साउंड यांत काय बघायचं? मागच्या वर्षी एका मैदानावर केलं तेव्हा शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले आणि शब्द तर कुणालाच कळले नाहीत. (तरुण संघ, न्यू शाहूपुरी)

पोलिस येणं आणि शब्द न कळणं, दोन्हींचं मूळ एकच: मोकळ्या जागेत गरजेपेक्षा जास्त बेस. मिरवणुकीच्या डॉल्बीवाल्याला साउंड सांगितलं की तो सवयीनं सबवूफरची भिंत लावतो. बेस सगळ्या दिशांना पसरतो, खिडक्यांतून घरात शिरतो आणि समोरच्या माणसाच्या कानापर्यंत गायकाची व्यंजनं पोचू देत नाही.

आधी कायदा बघा, कारण त्यावरच जागा ठरते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबलची मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते चालतं. म्हणजे वस्तीतल्या मैदानाच्या कुंपणावर ६५. आता हिशेब करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ९५ असेल तर २० मीटरवर ८९, ४० वर ८३, ८० वर ७७. वस्तीतल्या मैदानावर पूर्ण ताकदीचा रॉक नियमात बसतच नाही. त्यामुळे बंदिस्त सभागृह घ्या, नाहीतर मैदानावर अकौस्टिक गिटार, काहोन (हातानं वाजवायचा पेटीसारखा ड्रम) आणि ढोलकीवर कार्यक्रम करा.

रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीची १०० मीटर जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेली असू शकते. दसरा चौकाच्या बाजूला जागा बघत असाल तर सीपीआर रुग्णालयापासूनचं अंतर आधी मोजा. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाल्यापासून गावात मोठ्या बंदिस्त जागेची ओढाताण झाली, तेव्हा कुठलंही सभागृह धरायचं तर तारीख खूप आधी अडकवा. महिना डिसेंबर-जानेवारीचा बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये वळीव. वळवाचा पाऊस पंधरा मिनिटांत मिक्सर आणि अॅम्प्लिफायरचं पाणी करतो.

ध्वनिवर्धकासाठी पोलिस ठाण्यात, मैदान महापालिकेचं असेल तर महापालिकेकडे आणि मांडव घालणार असाल तर अग्निशमन विभागाकडेही लेखी अर्ज द्या. पोचपावतीची झेरॉक्स स्टेजमागे ठेवा. उघड्यावर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद म्हणजे बंद. आमचं मत, साडेआठलाच संपवा. गडहिंग्लज, जयसिंगपूरहून आलेल्यांना परतीची एसटी मिळते आणि शेवटी प्रार्थनेसाठी थांबणाऱ्यांना घाई होत नाही. दुपारी दोनला सामान, चारला साउंड चेक, साडेपाचला दारं उघडी, सहाला सुरुवात. पत्रिकेवर ‘ख्रिस्ती भक्तिसंगीताचा कार्यक्रम’ असं ठळक छापा. नुसतं ‘म्युझिकल नाइट’ लिहून मित्रांना बोलवायचं आणि आत प्रवचन ऐकवायचं, हे फसवणं झालं. त्यातून गैरसमज वाढतात ते वेगळेच.

साउंडवाल्याला तीनशे माणसांच्या सभागृहासाठी काय हवं ते कागदावर द्या: दोन टॉप, दोन सब, स्टेजवर चार मॉनिटर, सोळा चॅनेलचा मिक्सर, चार डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायच्या डब्या). चॅनेल असे लागतात: किक, स्नेअर, ओव्हरहेड दोन, बेस, इलेक्ट्रिक गिटार, अकौस्टिक गिटार, कीबोर्डचे दोन, ढोलकीचे दोन, गायक तीन, बोलण्याचा माइक एक. पंधरा झाले, एक शिल्लक ठेवा. तो नेहमी लागतो.

सभागृह दगडी किंवा उंच छताचं असेल तर मोठा शत्रू म्हणजे आवाज घुमणं. मिक्सरवरचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) बंद करा, खोलीच पुरेसा देते. ड्रमरच्या मागे आणि खाली सतरंज्या, जाजमं टाका. गायकांच्या चॅनेलवर १०० हर्ट्‌झखालचं सगळं कापा, २०० ते ४०० च्या आसपास थोडं कमी करा. ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘फ’ वेगळे ऐकू येणं २ ते ५ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यावर अवलंबून असतं आणि गिटारवाल्याचा अॅम्पही नेमका तिथंच ओरडतो. गायकाचा आवाज वाढवण्याआधी गिटार खाली घ्या. रिकाम्या सभागृहात बसवलेला आवाज माणसं भरल्यावर बदलतो, कपडे आणि शरीरं वरचे सूर शोषतात. म्हणून पहिल्या गाण्यात साउंडवाल्यानं मोबाइल खिशात ठेवावा आणि एकदा शेवटच्या रांगेपर्यंत चालत जावं.

सभागृह लांबट असेल आणि मागे जादा स्पीकर लावले तर त्यांना डिले, म्हणजे किंचित उशीर, द्यावा लागतो. आवाजाला दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, ३० मीटरला सुमारे ८७. वर आणखी दहा-पंधरा द्या, म्हणजे आवाज स्टेजकडूनच येतोय असं वाटतं. हे केलं नाही तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

विजेचं काम वायरमनकडूनच करून घ्या. मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि स्टेजवरची वाद्यं एका फेजवर, लाइट आणि पंखे दुसऱ्यावर. तरी घरघर आली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवणारे महाभाग असतात, त्यांना हात लावू देऊ नका. गिटारची तार एका हातात आणि ओठ माइकला, यात माणूस जातो.

शब्द पडद्यावर दाखवायचे तर एका वेळी दोन ओळी, फार तर चार. गडद पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, ओळींत भरपूर जागा, नाहीतर रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली फाइल सभागृहाच्या लॅपटॉपवर उघडली की देवनागरीची चित्रविचित्र चिन्हं होतात, तीही बरोबर सहा वाजता. स्लाइड बदलणाऱ्याला गाणी पाठ हवीत, चालू ओळीच्या शेवटच्या दोन शब्दांवर त्यानं पुढची ओळ आणायची.

स्वामित्वहक्काचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. हौशी मंडळानं तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या कार्यक्रमालाही आहे. पैसे देऊन बाहेरचा बँड आणला, प्रायोजक घेतले, की ती सूट गृहीत धरू नका, परवाना घ्या. व्हिडिओ यूट्यूबवर टाकणं ही तर पूर्ण वेगळी गोष्ट. सिनेमाच्या चालीवर भक्तिगीत बसवलं असेल तर चाल कुणाची तरी आहे. ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या रचनांच्या शब्दांना आता कुणाची परवानगी लागत नाही. त्यांना नवी चाल लावणं हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग.

प्रश्न: मी गिटार वाजवतो. जुनं भजन रॉकमध्ये बसवलं की ते धड भजन राहत नाही, धड रॉक होत नाही. कुठं चुकतं? (कॉलेज विद्यार्थी, राजारामपुरी)

मित्रा, बहुधा तू सगळ्यांना लावतोस तेच चार कॉर्ड भजनालाही लावतोस. चाल कुठल्या रागावर आहे ते आधी बघ. भूप असेल तर त्यात मध्यम आणि निषाद नाहीत. पांढरी एकमध्ये वाजवताना एफ मेजर घेतलास की मध्यम आला, जी मेजर घेतलास की त्यातल्या बीमुळे निषाद आला. जीच्या जागी जी-सस-टू घे (जी, ए, डी, तिन्ही भूपातलेच), जोडीला सी आणि ए मायनर. एवढ्यावर अख्खं गाणं उभं राहतं. भैरवीला तर षड्जावरच्या मेजर कॉर्डनं हात लावू नकोस, तिचा कोमल गंधार मरतो. तिथं नुसता षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड धर. डिस्टॉर्शनवर तो छान घुमतो आणि गायकाला तानपुऱ्यासारखा आधार मिळतो.

ताल सोपा आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे फोर-फोरचे दोन बार. पण ठेक्याचा झोल सरळ रॉक बीटमध्ये हरवतो. ढोलकीवाल्याला ठेका धरू दे, ड्रमरनं फक्त किक आणि स्नेअर त्याच्या जागांवर ठेवावे, हाय-हॅट जवळजवळ बंद. दोघंही सगळं भरायला गेले की चिखल होतो.

मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा असतो. त्या चौथ्या चरणानंतर जी जागा उरते तीत नवे ड्रमर हमखास लांबलचक फिल मारतात. ती मोकळी सोड. टाळ घेऊन बसलेल्या लोकांचा ध्रुपद उचलायचा श्वास तिथं असतो, आणि तिथं लोक आपसूक गायला लागतात. साऱ्या गाण्यातला तोच क्षण लोक घरी घेऊन जातात.

पट्टी स्वतःच्या गळ्याला नव्हे, लोकांच्या गळ्याला लाव. पेटीवर मधल्या सप्तकापुढच्या पांढरी दोनच्या वर ओळ गेली की बायका ओढून गातात, आणि एक सप्तक खाली गाणारे पुरुष गप्प होतात. घुमणाऱ्या देवळात लय मिनिटाला ११० च्या खालीच ठेव.

प्रश्न: नऊ वर्षांच्या मुलीला न्यावं का? तिला गाणी फार आवडतात, पण कानाची भीती वाटते. (एक आई, उचगाव)

न्या, पण स्पीकरपासून लांब, दोन्ही स्पीकरांच्या मध्ये, मागच्या निम्म्यात बसा. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असं ठरवलं, पण ती मोठ्यांसाठीची कमाल मर्यादा आहे, मुलांसाठी नव्हे.

मुलांना फोमच्या बोळ्यांपेक्षा कान झाकणारे इअरमफ बरे, ते निसटले तर दिसतं. तुम्ही बोळे घालणार असाल तर ते बोटांत बारीक वळा, कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवा. नुसते टोचून ठेवलेले बोळे निम्मंही काम करत नाहीत. मध्यंतरात दहा मिनिटं बाहेर न्या. रात्री कानात शिट्टी वाजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. एका कानानं अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी.

प्रश्न: कार्यक्रम छान होतात. शेवटी पुढे बोलावलं की वीस-पंचवीस जण रडत येतात. पुढच्या रविवारी त्यांतला एकही दिसत नाही. आम्ही काय करायला हवं? (पंच कमिटीतून, कागल)

आधी बोलावण्याची पद्धत तपासा. प्रवचनकार बोलत असताना कीबोर्डवाला सूर चढवत नेतो, दिवे मंद होतात, ‘आणखी एक जण आहे, मला जाणवतंय’ असं पाचदा म्हटलं जातं. अशा वेळी पुढे आलेला माणूस निर्णयानं आला की सुरानं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. दिवे लावा, संगीत थांबवा, एकदाच स्पष्ट सांगा: ‘कुणाला बोलायचं असेल, प्रार्थना हवी असेल तर डाव्या बाजूच्या खोलीत माणसं थांबली आहेत.’ संख्या निम्म्यावर येईल. येऊ द्या.

त्या खोलीत खुर्च्या, पाणी, रुमाल ठेवा. दोघादोघांच्या जोड्या बसवा, बायका-मुलींशी बोलायला बायकाच. आधी ऐकायचं, मग प्रार्थना, सल्ला जवळजवळ नाही. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर तीनच रकाने: नाव, फोन, ‘फोन केलेला चालेल का’. पत्ता, धर्म, पगार विचारू नका. अठराखालच्या मुलांशी पुढचा संपर्क आईवडिलांच्या संमतीनंच. न विचारता व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घालणं सगळ्यात वाईट, त्यानंच निम्मी माणसं पळतात.

फोन ४८ तासांच्या आत, आणि तो त्याच खोलीत बोललेल्या माणसानंच करायचा, पाळकसाहेबांनी नव्हे. ‘कसे आहात? त्या दिवशी तुम्ही आईच्या आजारपणाचं बोलला होता, कसं आहे आता?’ एवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन उतरतं, तेव्हा हा फोन आधीच होऊन गेलेला हवा. रविवारचं निमंत्रण दिलं तर ‘मी गेटपाशी थांबतो’ हे त्यातच सांगा, आणि खरंच थांबा. त्या रविवारी कार्यक्रमातलं किमान एक गाणं उपासनेत घ्या. बँड नसला तरी चालेल, पेटीवर घ्या. ओळखीची चाल कानावर पडली की नवा माणूस बाकावर जरा सैल होऊन बसतो.

देणगीची थाळी फिरवताना त्याच्यासमोर रेंगाळू नका. आणि खोलीत बसणाऱ्या जोड्यांना महिनाभर आधी तीन वेळा एकत्र बसवा. बँडच्या तालमींसाठी तुम्ही दीड महिना देता, त्याच्या निम्मा वेळ तरी त्यांच्यासाठी काढा.